वाचकांची पत्रे : जागाभरती की चळवळ?

साप्ताहिकाची पाने अपुरी पडतात, तेव्हा वाचकांच्या पत्रांची जागा कमी करावी आणि ती नेत्यांच्या भाषणांना व पक्षाच्या ठरावांना द्यावी, अशी सूचना अलीकडे कार्यकर्त्यांच्या बैठकींतून वारंवार ऐकू येऊ लागली आहे. सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कागद महाग आहे, वर्गणीदार मोजके आहेत आणि सांगण्यासारखे पुष्कळ आहे. तरीही ही सूचना घातक आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे. ज्या नियतकालिकात वाचकाला उलट बोलण्याची सोय नाही, त्याचे पत्रक होते. आणि नुसती पत्रके वाटून पक्ष वाढत नाही, हा अनुभव आपण दर निवडणुकीत घेत आलो आहोत.

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास काय सांगतो? १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात गोपाळ हरी देशमुख या तरुणाने ‘लोकहितवादी’ या नावाने जे लिहिले, ते पत्ररूपानेच लिहिले. पहिले पत्र आले तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस होते. जातिभेद, भिक्षुकशाही, स्त्रियांची दुर्दशा यांवर त्या पत्रांनी असे कोरडे ओढले की सनातन्यांची झोप उडाली. ‘हे पत्र फार कडक आहे, जागा नाही’ असे भाऊ महाजनांनी म्हटले असते, तर महाराष्ट्राचे प्रबोधन किती मागे राहिले असते, याचा विचार जागेची सबब सांगणाऱ्यांनी अवश्य करावा.

दुसरा दाखला आपल्या चळवळीच्या अधिक जवळचा आहे. दक्षिण आफ्रिकेतील लढ्याला ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ हे परके नाव गांधीजींना खटकत होते. नवे नाव त्यांनी एकट्याने ठरविले नाही. ‘इंडियन ओपिनियन’च्या वाचकांनाच त्यांनी नाव सुचविण्याचे आवाहन केले आणि लहानसे बक्षीसही ठेवले. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ हा शब्द पाठविला. त्यात फेरफार करून गांधीजींनी १९०८ च्या आरंभी ‘सत्याग्रह’ हे नाव मुक्रर केले. जो शब्द आपण रोज उच्चारतो, तो संपादक आणि वाचक यांच्या देवघेवीतून जन्मला आहे. आणि त्या देवघेवीलाच आपण आज जागाभरती म्हणू लागलो आहोत!

वाचकाला उत्तर देणे हे नेहमीच बिनधोक काम असते असेही नाही. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते नेटाने चालविले. जे प्रश्न माणसे घरात विचारू शकत नव्हती, डॉक्टरला विचारावयास लाजत होती, ते त्यांनी कर्व्यांना विचारले; आणि कर्व्यांनी त्यांना शास्त्राच्या आधारे, आडपडदा न ठेवता उत्तरे दिली. या उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडण्यास उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र थांबले नाही. एका प्राध्यापकी गमावलेल्या माणसाने वाचकाच्या शंकेसाठी न्यायालयाची पायरी चढावी, आणि संघटना, कार्यालय, कार्यकर्ते असलेल्या पक्षाने आलेले पत्र टेबलाच्या खणात टाकावे, यातील अंतर लाजिरवाणे आहे.

खणाविषयी मी अनुभवाने बोलतो. एका कामगार संघटनेच्या पत्रिकेचे काम मी काही वर्षे पाहात होतो. व्यवस्थापनाशी झालेल्या एका करारात बदली कामगारांच्या पदरी काही पडले नव्हते. त्यांच्यापैकी एकाने दोन पानांचे पत्र लिहिले. भाषा कडवट होती, पण आकडे बरोबर होते. विरोधी संघटनेच्या हाती कोलीत मिळेल म्हणून मी ते छापले नाही. महिन्याभराने त्याचे दुसरे पत्र आले; तेही मी ठेवून दिले. तिसरे पत्र आले नाही. वर्ष उलटण्यापूर्वी बहुतेक बदली कामगार दुसऱ्या संघटनेत गेले होते. ते पत्र छापले असते तर भांडण घरात झाले असते, कदाचित मिटलेही असते. न छापल्यामुळे माणसेच घर सोडून गेली. शत्रूला कोलीत मिळू नये म्हणून मी जपलो आणि शत्रूला माणसे दिली.

पत्रांविरुद्ध आणखी एक आक्षेप घेतला जातो. पत्रांत शिवीगाळ असते, तेच तेच लोक लिहितात, प्रसिद्धीची हाव असते. हे काही अंशी खरे आहे. परंतु शेतात तण माजते म्हणून कोणी शेत पडीक टाकीत नाही, खुरपणी करतो. पत्रांचे संपादन हे अग्रलेखाइतकेच जबाबदारीचे काम आहे. व्यक्तिगत निंदा गाळावी, मुद्दा ठेवावा. नोकरी जाण्याची भीती असेल त्याचे नाव गुप्त राखावे, पण संपादकाला ते माहीत असावे. एकाच लेखकाला दर आठवड्यास जागा न देता नव्या हाताला पुढे आणावे. हे कष्ट ज्यांना नको असतात, तेच पत्रांच्या दर्जाविषयी तक्रार करतात.

काही तरुण मित्र म्हणतात की आता मतप्रदर्शनाला साधनांचा तोटा नाही. प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे. खरे आहे. पण एकाचा मजकूर दहा जणांना पुढे ढकलणे म्हणजे चर्चा नव्हे. त्यात उत्तरदायी कोणीच नसतो. विचारलेल्या प्रश्नाला नावानिशी उत्तर देणारा आणि चूक झाल्यास ती कबूल करणारा माणस समोर असल्यावाचून गर्दी जमते, समुदाय घडत नाही. धनिकांच्या प्रचारयंत्रणेशी आपण गर्दीच्या बाबतीत स्पर्धा करू शकणार नाही. विश्वासाच्या बाबतीत मात्र करू शकतो, आणि केलीच पाहिजे.

अर्थात सारा दोष संपादकांच्या माथी मारून वाचकांना मोकळे होता येणार नाही. ‘बहिष्कृत भारत’चे चोवीस चोवीस रकाने डॉ. आंबेडकरांना एकहाती लिहून काढावे लागत. १९२७ मध्ये सुरू झालेले ते पत्र १९२९ मध्ये बंद पडले. ज्यांच्यासाठी ते निघत होते, त्या समाजाला लेखणीपासून शतकानुशतके दूर ठेवलेले होते; त्यांना दोष देता येणार नाही. आपल्या कार्यकर्त्यांना ती सबब नाही. रेशनच्या दुकानातील काटामारी, रोजगार हमीची थकलेली मजुरी, गावातील पाण्याचा टँकर कोणाच्या दारी थांबतो, हे ज्यांना डोळ्यांनी दिसते त्यांनी चार ओळी लिहिल्या नाहीत, तर संपादक मुंबईत बसून काय लिहिणार? आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे लिहून घेणे, हे शाखेच्या कार्यकर्त्याचे काम आहे.

तेव्हा पान कमी करण्याऐवजी मी उलट सूचना मांडतो. आलेल्या प्रत्येक पत्राची पोच जावी. पक्षाच्या धोरणावर टीका करणारे पत्र स्तुतीच्या पत्राआधी छापावे आणि ज्याच्या निर्णयावर टीका असेल त्याने पुढील अंकात नावानिशी उत्तर द्यावे. गाऱ्हाणे छापले असेल तर त्याचे पुढे काय झाले, हेही छापावे. काही झाले नसेल तर तसे सांगावे. शाखेच्या बैठकीत ठराव वाचण्यापूर्वी निदान दोन पत्रे मोठ्याने वाचावीत आणि त्यांवर चर्चा व्हावी.

हे सारे करावयास पैसा लागत नाही; ऐकून घेण्याची तयारी लागते. लोकशाही समाजवाद उद्या राज्यावर आल्यावर जनतेचे ऐकेल, असे आश्वासन देणाऱ्या पक्षाने आज आपल्या साडेतीनशे शब्दांच्या टीकाकाराचे ऐकून दाखवावे. ज्याला पक्षाच्या पानावर बोलता येत नाही, तो त्या पक्षासाठी रस्त्यावर उतरेल ही अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार नाही.