खिडकीपलीकडचा माणूस

एस. टी. स्थानकावरील चौकशीच्या खिडकीशी घटकाभर उभे राहिले, तर मनुष्यस्वभावाची चांगलीच ओळख पटते. गाडी वेळेवर लागते, तेव्हा त्या खिडकीकडे कोणी फिरकतही नाही. गाडी रद्द झाली किंवा वाटेत बंद पडली, की मात्र तेथे गर्दी लोटते आणि सर्वांचा राग आत बसलेल्या वाहतूक नियंत्रकावर निघतो.

हा राग अकारण असतो, असे म्हणता येणार नाही. कोणाची परीक्षा असते, कोणाला आजारी आईकडे पोहोचायचे असते, कोणाची दिवसाची मजुरी बुडत असते. ज्याचे नुकसान झाले, त्याने तोंडातून अक्षरही काढू नये, असा उपदेश करणे अन्यायाचे होईल. प्रश्न एवढाच, की तो राग योग्य जागी पोहोचतो काय?

गाडी घाटात बंद पडली, तर तशी खबर आगाराला दिली जाते. दुरुस्तीची माणसे पाठवावीत की दुसरी गाडी, हे तेथे ठरते. आणि तेही गाडी शिल्लक आहे काय, चालक मोकळा आहे काय, यावर अवलंबून असते. स्थानकावरील नियंत्रकाच्या हाती येतो तो केवळ निरोप. इंजिन त्याने बिघडवलेले नसते आणि नवी गाडीही त्याच्या टेबलाच्या खणात ठेवलेली नसते. तथापि बोल त्यालाच ऐकावे लागतात. कारण जे ठरवतात ते दूर असतात आणि हा समोर असतो. वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात, ते हेच!

अशा खिडक्या जागोजागी आहेत. वादळात झाड पडून तार तुटते आणि भर पावसात खांबावर चढणाऱ्या वायरमनला खालून शिव्या ऐकाव्या लागतात. यंत्र बंद पडले म्हणून बँकेतील कारकुनावर लोक ओरडतात. ग्राहक सेवा केंद्रात दूरध्वनीवर उत्तर देणाऱ्या मुलीचे तर तोंडही दिसत नाही. म्हणून तिला वाटेल ते बोलण्यास जीभ अधिकच सैल सुटते. दिवसभर एकामागून एक अनोळखी माणसांचा संताप तिने ऐकून घ्यावयाचा आणि प्रत्येकाला पुन्हा शांतपणे नमस्कार म्हणावयाचे! तीही कोणाची तरी बहीण आहे, कोणाच्या तरी घरचा आधार आहे, हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. नोकरीच्या नियमांनी बांधलेला हा माणूस उलट उत्तर देऊ शकत नाही. ज्याला प्रत्युत्तर देण्याची मोकळीक नाही, त्याचा अपमान करणे यात शौर्य ते कसले? वरिष्ठांपुढे हात जोडणारा आणि कारकुनापुढे डोळे वटारणारा मनुष्य धीट नसतो. त्याला केवळ दुबळी जागा अचूक सापडलेली असते.

यावर कोणी म्हणेल, “जो आरडाओरडा करतो, त्याचेच काम आधी होते. सौजन्याने वागणारा रांगेत मागेच राहतो.” कधीकधी असे घडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु असे काम झाले, की रांगेतील दुसऱ्या कोणाचा तरी क्रम हिरावला जातो. शिवाय मूळ दोष तसाच राहतो. तो उद्या पुन्हा कोणाला तरी छळतो.

दोष दूर करण्याचा मार्ग निराळा आहे. एक प्रवासी खिडकीवर हात आपटून नियंत्रकाची अब्रू काढतो. पाच मिनिटे जातात आणि त्याला काहीच कळत नाही. दुसरा शांतपणे तीन प्रश्न विचारतो : गाडी कोठे आहे? पुढची गाडी केव्हा आहे? तिकिटाचे पैसे परत मिळतील काय? उत्तर समाधानकारक नसेल, तर तो तक्रारवही मागतो आणि तारीख, वेळ, मार्ग व झालेले नुकसान लिहून सही करतो. कर्मचारी स्वतःच उद्धटपणे वागला असेल, तर तेही तो लिहितो. पहिल्याचे शब्द हवेत विरतात. दुसऱ्याचे कागदावर राहतात आणि त्यांचा जाब विचारता येतो.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले. ग्राहकांनी संघटित होऊन, सनदशीर मार्गाने आपला हक्क मागावा, ही शिकवण त्या चळवळीने रुजवली. पुढे १९८६ साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. आज १९१५ या क्रमांकावर कोणत्याही ग्राहकाला आपले गाऱ्हाणे मांडता येते. न्याय मिळवण्याची इतकी साधने हाती असताना जिभेचे शस्त्र परजण्याची गरजच उरत नाही.

सौजन्य म्हणजे मिंधेपणा नव्हे. तक्रार करणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पण कोणाचा अपमान करण्याचा हक्क कोणत्याही तिकिटाबरोबर विकत मिळत नाही. सारे सुरळीत चालले असता गोड बोलणे कोणालाही साधते. आपले नुकसान झाले असतानाही जो तक्रार ठामपणे मांडतो आणि समोरच्याचा मान राखतो, त्याचेच सौजन्य खरे मानावे.