रोजचं ताट थोडं लहान करूया

दुपारची जेवणं उरकून ओटा पुसून होतो न होतो, तोच पुढचा प्रश्न उभा राहतो: रात्री काय करायचं? स्वयंपाकाचा कंटाळा आलाय असं सांगणाऱ्या बायका, आणि आता काही पुरुषही, मला या सदरामुळे सतत भेटतात. त्यांच्याशी थोडं बसून बोललं की लक्षात येतं, कणीक मळायचा किंवा फोडणी घालायचा कंटाळा त्यांच्यातल्या फार थोड्यांना असतो. जीव नकोसा होतो तो रोज ठरवून. मुलाला काल डब्यात दिलेलं आज चालत नाही, सासऱ्यांना रात्री भात नको, कुणाला पोळीच लागते, कुणाला तेल वर्ज्य. हात कामाला लागायच्या आधीच डोकं थकलेलं असतं, आणि मग हातांनाही उत्साह राहत नाही.

यावर सगळीकडून एकच सल्ला मिळतो. काहीतरी नवीन करून बघा. मला तो पटत नाही. मराठी घराला पाककृतींचा तुटवडा कधीच नव्हता. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 साली छापलं गेलं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 चं, आणि त्यात हजार पाकक्रिया देण्याची उमेद होती. कमलाबाई ओगले यांनी 1970 मध्ये ‘रुचिरा’त घरातल्या वाटी-चमच्याचं माप दिलं आणि माहेरापासून लांब संसार मांडलेल्या कितीतरी मुलींना धीर आला. पण ही पुस्तकं बहुतेक वेळा उघडली जायची ती काय करायचं हे ठरल्यावर. फोनवरचे व्हिडिओ मात्र ‘काय’ याच्याच याद्या वाढवत नेतात. दमलेल्या माणसापुढे आणखी पन्नास पर्याय ठेवले, की तो त्याच फोनवरून जेवण मागवतो. केंद्र सरकारच्या 2022-23 च्या कुटुंब खर्च पाहणीत शहरी घरांच्या दरमहा खर्चातला साडेदहा टक्क्यांहून जास्त वाटा पेयं, पाकीटबंद खाणं आणि बाहेरचं तयार जेवण यांचा निघाला. खाण्यापिण्याच्या इतर कुठल्याही एका बाबीवर, अगदी दुधावरही, एवढा खर्च होत नव्हता.

मला उपाय उलट्या दिशेला दिसतो. रोजचं जेवण लहान करा.

पोळी, एक सुकी भाजी, एक आमटी, भात, कोशिंबीर, वर चटणी-लोणचं. हे ताट आपण ‘साधं जेवण’ धरून चाललो आहोत. ते मुळीच साधं नाही. त्यात लाटणं आहे, चिरणं आहे, शिजवणं आहे, दोन फोडण्या आहेत आणि त्या सगळ्यांची भांडी आहेत. दिवसातून दोनदा, वर्षाचे सगळे दिवस, एवढा घाट महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांनी कधी घातला नव्हता. सातारा-कोल्हापूरकडे भाकरी आणि एक कोरड्यास झालं की जेवण झालं. खानदेशात कळण्याची भाकरी आणि ठेचा, विदर्भात झुणका-भाकर, कोकणात आणि गोव्यात पेज, तिच्याबरोबर लोणचं किंवा भाजलेली सुकी मासळी. एक धान्य आणि एक तोंडीलावणं. या साधेपणामागे पुष्कळदा गरिबी होती आणि तिचे गोडवे गायचे नाहीत. पोटाला डाळ हवी, ताक हवं, काहीतरी हिरवं हवं, आणि ज्याला परवडतं त्याने ते घ्यावंच. पण त्या दोन जिन्नसांच्या जेवणाला चव होती हेही तितकंच खरं आहे. ती चव कुठून यायची, याचा विचार आपण सोडून दिला आहे.

ती साठवणीतून यायची. चैत्र-वैशाखात वर्षाचं काम निघायचं. मिरच्या उन्हात कडकडीत वाळवायच्या, देठं खुडायची, धणे-खोबरं-तीळ वेगवेगळे भाजायचे आणि सगळं कांडून आणायचं. कुठे गोडा मसाला, कुठे कांदा-लसूण, कुठे मालवणी. सांडगे, कुरडया, खानदेशातल्या बिबड्या, भरून वाळवलेल्या मिरच्या, आमसुलं, चिंचेचे गोळे, कैरीचं लोणचं. हे काम एकट्या बाईचं नव्हतं. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या गच्चीवर, असं आळीभर फिरायचं. जड काम वर्षातून एकदा आणि चारचौघींत, हलकं काम रोज. पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी घरातल्या बाईला चव घडवत बसावं लागत नसे. ती बरणीतून काढायची आणि आमटीत घालायची.

आपण वर्षाचं काम सोडलं. त्याची कारणं खरी आहेत: गच्ची सोसायटीची, दिवस नोकरीचा, शेजारी बंद दाराआड. पण रोजचं काम तसंच राहिलं, उलट वाढलं. बरणी रिकामी असल्यामुळे आता रोज शून्यातून सुरुवात करावी लागते. कांदा चिरा, टोमॅटो शिजवा, आलं-लसूण वाटा, आणि तरीही सगळ्या भाज्या एकाच रस्स्यात बुडवल्यासारख्या लागतात. उत्साह गेला तो इथे गेला, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून कपाटात आधी चव भरून ठेवावी. उन्हाळ्याची सगळी कामं परत आणा असं मी म्हणणार नाही, कोरड्या चटण्यांपासून सुरुवात केली तरी पुष्कळ झालं. महिन्यातल्या एखाद्या सकाळी कारळं मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावं. जवस फुटायला लागलं की लगेच उतरवावं, कढईत राहिलं तर कडू होतं. सुकं खोबरं किसून तांबूस करावं, लसूण थोडा परतून घ्यावा. शेंगदाण्याची सोलापुरी चटणी उखळात कुटली की तिला स्वतःचं तेल सुटतं आणि ती गोळा होते. उखळ नसेल तर मिक्सर सलग न फिरवता थांबत थांबत फिरवावा. या चार बरण्या आणि मेतकुटाचा डबा घरात असला, की मंगळवारची रात्र ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, जवसाची चटणी आणि कच्चा कांदा यांवर निभते. बुधवारी गरम भात, मेतकूट, तूप आणि ताकाची कढी. गुरुवारी थालीपीठ, लोणी, दही. वार ठरवून टाकले की ‘काय करायचं’ हा प्रश्न आठवड्यातले चार दिवस तोंड वर काढत नाही. भाजी दुपारी होते, ती रात्री पुन्हा वेगळी व्हायलाच हवी असा काही नियम नाही.

मुलं कुरकुरतील, घरातली मोठी माणसं ‘आज भाजी नाही का?’ म्हणून विचारतील. ताटाची उजवी बाजू मोकळी दिसली की आपल्यालाच चुकल्यासारखं वाटेल. पहिले काही आठवडे हे होतंच. ते सोसावं, कारण त्यातून वाचलेला जोर मला एका ठिकाणी लावायचा आहे. आठवड्यातून एकदा, एकच पदार्थ, मन लावून.

आता श्रावण तोंडावर आहे. पालेभाज्या पाण्याने भिजलेल्या, मातीने भरलेल्या आणि महाग, त्यामुळे या महिन्यात आपल्याकडे कडधान्यांचं राज्य असतं. मी वालाचं बिरडं सुचवेन, कडव्या वालांचं. रविवारी दुपारी ते ताटात हवं असेल तर शुक्रवारी रात्री वाल भिजत घालायचे. शनिवारी सकाळी पाणी काढून फडक्यात घट्ट बांधायचे आणि झाकून ठेवायचे. पावसाळी हवेत रविवारी सकाळपर्यंत छान मोड येतात. मग कोमट पाण्यात थोडा वेळ सोडायचे आणि सोलायला बसायचं. अंगठा आणि तर्जनीत वाल धरून हलकंच दाबला की साल सुटतं आणि फिकट हिरवट-पांढरा दाणा निसटून पातेल्यात पडतो. मोड दाण्याला तसाच चिकटून राहायला हवा, तो तुटू नये एवढीच काळजी. पहिली मूठभर सोलताना वेळ लागतो, मग बोटांना युक्ती सापडते आणि डोळे वर उचलून बोलता येतं. पाच वर्षांचं मूल हे काम करू शकतं, ऐंशी वर्षांचे आजोबाही करू शकतात. पातेल्यात सालं कमी पडली काय, जास्त पडली काय, काही बिघडत नाही.

शिजवतानाही बिरडं थोडं लक्ष मागतं. तेलात मोहरी, हिंग, हळद. वाल घालून हलके परतायचे. झाकणीवर पाणी ठेवायचं, ते तापलं की तेच वालात ओतायचं, कारण गार पाण्याने शिजणं अडतं. डावाने ढवळत बसलं तर दाणे मोडतात, म्हणून पातेलंच दोन्ही बाजूंनी धरून हलवायचं. दाणा बोटाने सहज चेपला गेला की मगच आमसूल आणि गूळ. आंबट आधी पडलं तर वाल दडस राहतात. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. कायस्थ प्रभूंच्या घरी नारळाचं वाटण लागतं आणि रस सैल असतो, ब्राह्मणी घरात गोडा मसाला पडतो, आगरी-कोळी घरात तिखटाचा हात सढळ असतो. आपल्या घरचं जे असेल ते करावं. आपल्या घरचं कोणतं हे माहीत नसेल, तर आजी-मावशी-आत्या यांपैकी कुणाला तरी फोन करून विचारावं. असा फोन झाला की एका पदार्थावर तो थांबत नाही, हा माझा अनुभव आहे.

या एका दुपारी जे होतं ते रोजच्या घाईत होत नाही. वास, हाताला लागणारा दाणा, शिजण्याची वाट बघणं, पहिल्या घासाला घरातल्यांचा चेहरा. स्वयंपाकाचा आनंद म्हणतात तो यातच असतो, आणि त्याला मोकळा वेळ लागतो. रोजचं ताट लहान केल्याशिवाय तो वेळ येणार नाही.

एवढं करूनही, एक गोष्ट बदलली नाही तर सगळं पुन्हा होतं तिथे येईल. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की कुठल्याही एका दिवशी घरातलं बिनपगारी काम 81 टक्के स्त्रिया करत होत्या आणि पुरुष फक्त 26 टक्के. काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची सरासरी 299 मिनिटं, पुरुषाची 97. यात झाडलोट, कपडे वगैरे सगळं आलं, पण सर्वांत न चुकणारा भाग स्वयंपाकाचाच. स्वयंपाकाचा उत्साह हा एकट्या बाईच्या मनाचा प्रश्न म्हणून सोडवायला गेलो तर सुटणार नाही. कितीतरी घरांत पुरुष आता मदत करतात. कांदा चिरून देतात, कुकर लावतात. पण काय करायचं हे तिनेच सांगायचं असतं, डाळ संपत आली हे तिच्याच लक्षात राहायचं असतं. मी सुरुवातीला म्हटलं तो थकवा इथला आहे, आणि चिरून दिलेल्या कांद्याने तो कमी होत नाही.

म्हणून आठवड्यातले दोन वार पूर्णपणे दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकावेत. नवऱ्याच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या, मुलीच्या, अंगात बळ असेल तर सासऱ्यांच्याही. पूर्णपणे म्हणजे ठरवणं, डबे तपासणं, आणणं, करणं आणि ओटा पुसणं. त्या दिवशी पिठलं-भात झाला तर पिठलं-भात जेवावं, आणि तो मन लावून जेवावा. या श्रावणातल्या पहिल्या रविवारचं बिरडं कुणाकडे, तेही आत्ताच बोलून घ्या. ज्याच्याकडे जाईल त्याला शुक्रवारी रात्री वाल भिजत घालायची आठवण कुणी करू नये. तो विसरला, तर रविवारी वरण-भात करावा आणि बिरडं पुढच्या रविवारी, त्याच्याच हातचं.