नागसेनाचा रथ आणि फोपनारची पिकअप

फोपनार हे नाव आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकले असेल. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यातले हे गाव. १९६४ साली तिथे बुद्धाच्या सात कांस्यमूर्ती सापडल्या. त्या इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या मानल्या जातात. आज मात्र हा मुलूख ओळखला जातो तो केळीसाठी. घड कापला की वेळेत वखारीत पोचला पाहिजे, आणि शेतापासून तिथवर धावते ती जुनी पिकअप.

तिथल्या माझ्या एका परिचिताच्या पिकअपचा गिअरबॉक्स गेला. तिसरा गिअर टाकला की सुटायचा, चौथा ओरडायचा. इंजिन ठणठणीत. 'भंगारात काढ' असे सगळ्यांनी सांगितले. त्याने त्याच मॉडेलचा दुसरा गिअरबॉक्स मिळवून बसवला. माझ्या मते त्याने योग्य केले.

'मग ती जुनीच गाडी राहिली का?' असा प्रश्न एकाने केला. हा प्रश्न दोन हजार वर्षांचा आहे. मिलिंदप्रश्नात रथातून आलेल्या राजाला भिक्षू नागसेन विचारतो, दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. भाग एकत्र आले की त्यांना 'रथ' म्हणायचे, एवढेच. नागसेनाला 'मी'विषयी बोलायचे होते, दुरुस्तीविषयी नव्हे हे मान्य. तरी गॅरेजमधला प्रत्येक मिस्त्री हे तत्त्वज्ञान रोज हातांनी जगतो.

आणि ते हातांचे काम सोपे नाही. प्रोपेलर शाफ्ट सोडवायचा, तत्पूर्वी जोडावर खुणा करायच्या. बहुतेक गाड्यांत इंजिनचा मागचा भार गिअरबॉक्सच्या माउंटिंगवर असतो, म्हणून इंजिनाला खालून आधार द्यायचा. नवा बॉक्स घेताना शाफ्टवरचे दाते क्लच प्लेटशी जुळतात का, बेल हाउसिंगची भोके एकसारखी आहेत का, ते पाहायचे. शाफ्ट हाताने हलवून ढिलाई बघायची, प्रत्येक गिअर टाकून फिरवायचा, तेलात लोखंडाचा कीस आहे का ते बोटांनी चाचपायचे. बसवताना बॉक्सचे वजन क्लच प्लेटवर लटकू द्यायचे नाही, नाहीतर प्लेट वाकते. आणि एवढे उघडले आहेच तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाचे मागचे ऑइल सील तिथल्या तिथे तपासून घ्यायचे. मजुरी तीच पडते.

आता माझा मुद्दा. मी सरकारी कारकून, म्हणून कागदाकडे लक्ष जाते. आरसी बुकात चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे त्याच मॉडेलचा बॉक्स बदलला तर पुस्तकात अक्षर बदलत नाही. (वेगळ्या मॉडेलचा बसवून गाडीची मूळ रचनाच फिरवायची असेल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येऊ शकते, आधी आरटीओत विचारावे.) पण पुस्तकात नोंद नाही म्हणून बिलच नको, हे चुकीचे. तो भाग कोणत्या गाडीतून निघाला हे लिहून घेतले तर चोरीच्या मालाला वाट बंद होते, आणि मिस्त्रीच्या कामालाही नाव मिळते.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही. हा नियम खाजगी पिकअपला लागू नाही. तिला फिटनेसची परीक्षा द्यावी लागते. हा फरक मला रास्त वाटतो. वयाने नव्हे, प्रकृतीने गाडीचे भवितव्य ठरावे. धूर, ब्रेक, चेसिसचा गंज यांत नापास झाली तर खुशाल मोडीत काढावी. एका गिअरबॉक्सपायी मात्र नव्हे.

एक आग्रह मात्र आहे. खाली झोपणाऱ्या पोराच्या डोक्यावर निव्वळ जॅकच्या भरवशावर गाडी उभी असते, कधी खाली विटा लावलेल्या. विटा फुटतात. पक्के स्टँड मागा, नसतील तर गाडी तिथे देऊ नका. रथाचा कोणताही भाग बदलता येतो. त्याच्या खालच्या माणसाचा नाही.