ओल्या हातांची चाचणी

स्वयंपाकघरातल्या विजेच्या उपकरणांवरून फिरवायची बटणं हळूहळू हद्दपार होत आहेत. त्यांच्या जागी गुळगुळीत काच आणि लुकलुकणारे आकडे आले. आयएसआय चिन्ह सांगतं की शॉक बसणार नाही, तारे सांगतात की वीज किती लागेल. पण सत्तरीच्या बाईंना अशी काचेची शेगडी चष्म्याशिवाय बंद करता येईल का, हे दोन्हींपैकी कशावरूनच कळत नाही. म्हणून वापरण्याच्या सोयीचीही चाचणी हवी; त्यासाठी हे मुद्दे.

१. काचेवरची स्पर्शपट्टी बोटाच्या विद्युत परिणामावर चालते आणि पाण्याचाही तिच्यावर परिणाम होतो. दूध उतू गेलं, ओघळ पट्टीवर आला, की शेगडी पींपीं करते किंवा बंदच पडते. बंद पडणं सुरक्षिततेसाठी ठीक. पण मग ती गरम काच पुसून पुन्हा सगळं पहिल्यापासून. गॅस बारीक करायला मनगटाची एक गिरकी पुरते आणि नजर दुधावरच राहते. इथे मात्र वजाचं चिन्ह शोधा, ते चार-पाचदा दाबा, आकडा वाचा. तोवर दूध थांबत नाही.

२. अंध व्यक्तीची अडचण याहून मूलभूत आहे. बटण चाचपून शोधायचं असतं, आणि काचेवर चाचपणारं बोट हाच हुकूम ठरतो. मिक्सरचं बटण खट्ट करून एकवर येतं, डावीकडे फिरवलं की इंचर, हे हाताला कळतं. वॉशिंग मशीनच्या चकतीवर टिकली चिकटवून काम भागतं. २०११च्या जनगणनेत दृष्टीची अडचण असलेल्यांची नोंद सुमारे ५० लाख आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४३ सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकवस्तूंबद्दलच आहे. पण त्यात सरकारने ‘प्रोत्साहन’ द्यावं एवढंच म्हटलंय. सक्ती नाही.

३. बटणांच्या मांडणीवर चुका अवलंबून असतात, हे ज्ञान नवं नाही. १९५९ साली चॅपनिस आणि लिंडेनबॉम या अमेरिकी संशोधकांनी चार बर्नरच्या शेगडीच्या चार मांडण्या लोकांकडून तपासून घेतल्या. बर्नर थोडे तिरके सरकवून बटणांच्या क्रमाशी जुळवले, तेव्हा एकही चूक झाली नाही. चौकोनी मांडणीत, बटणं एका रांगेत असताना, चुका झाल्याच. आजही बाजारातल्या किती तरी हॉबवर तीच रांग आहे. कुठलं बटण कुठल्या बर्नरचं, ते सांगायला मुगाएवढं चित्र!

(सगळ्याच तक्रारी रास्त नसतात. आपल्याकडच्या शेगडीत आधी मोठी ज्योत, मग सिम. त्यामुळे सिमवरून बंद करताना मोठ्या ज्योतीतून जावं लागतं. पण पेटवायला भरपूर गॅस लागतो, म्हणून ती तशी आहे.)

४. चाचणी म्हणजे ‘उत्पादन आवडलं का?’ असा फॉर्म भरून घेणं नव्हे. माणसाला काम द्यायचं: दूध तापवा, उतू जाण्याआधी आच कमी करा, बंद करा. शिकवायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, फक्त बोट कुठे अडतं ते टिपायचं. हात ओले किंवा कणकेचे, चष्मा बाजूला, शेजारी कुकरची शिट्टी आणि डोक्यावर एक्झॉस्ट फॅन, म्हणजे ती नाजूक पींपीं ऐकू येते का तेही समजेल. घरकाम करणाऱ्या बायका, वृद्ध, अंध, इंग्रजी न वाचणारे, अशा प्रत्येक गटातली पाच-सहा माणसं ठळक चुका उघड्या पाडायला पुरतात. कंपनीतले तरुण अभियंते चालणार नाहीत. त्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं.

५. ‘काच पुसायला सोपी’ हा कंपन्यांचा युक्तिवाद खरा आहे. बटणांच्या खाचांतला तेलकट थर खरवडणाऱ्यांना तो पटेलच. पण सगळंच काचेवर नेण्याची गरज नाही. चालू-बंद आणि आच एवढंच हाताला लागणारं ठेवा, बाकी खुशाल काचेवर. जर्मनीच्या नेफ कंपनीच्या काही शेगड्यांवर चुंबकाने बसणारी चकती असते. उचलायची, पुसायची, परत ठेवायची.

६. सुरुवात सरकारी खरेदीपासून व्हावी. २०२३मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय कार्यक्षम स्वयंपाक योजनेत ईईएसएल या सरकारी कंपनीमार्फत २० लाख इंडक्शन शेगड्या वाटण्याचं लक्ष्य आहे. घरगुती उपकरणांची बटणं, दारं, झाकणं सर्वांना वापरता यावीत यासाठी आयईसी ६३००८ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२०पासून आहे. निविदेत त्याचा उल्लेख करायला नवा कायदा लागत नाही. सोबत दोन अटी घालाव्यात: पट्टीवरची अक्षरं स्थानिक भाषेत, आणि वरच्यासारख्या चाचणीचा अहवाल, चुकांच्या नोंदींसकट, खरेदीआधी जाहीर.