फुकटचा डाव, महागडी सवय

22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या पोकरला मज्जाव केला. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फुकटचा पोकर मात्र या बंदीबाहेर आहे. ‘पैसा लागत नाही, मग बिघडले कोठे?’ हा युक्तिवाद अहिल्यानगर जिल्ह्यातील घरांतही सहज केला जाईल. तो तपासून पाहावयास हवा.

पोकरला गणित आणि संयम लागतो, हे मान्य. परंतु तो संयम हरण्याच्या धाकातून येतो. चिप्स फुकट असल्या की सर्वस्व पणाला लावणे हेच शौर्य वाटू लागते. हरले तरी उद्या नव्या चिप्स मिळतातच. अशाने कौशल्य नव्हे, बेदरकारी अंगी मुरते. ती घेऊन तरुण परदेशी जुगाराच्या संकेतस्थळाकडे वळला, तर कायदा त्याला किती अडविणार?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात, फाशांपायी घर उद्ध्वस्त झालेल्या जुगाऱ्याला अखेर एकच उपदेश मिळतो : फासे सोड, शेती कर. ज्या जिल्ह्यात, नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथील ऊस-कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्याला घामाच्या पैशाचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. मोबाइल हाती घेतलेल्या त्याच्या मुलाला मात्र ते शिकवावे लागेल. कायद्याने पैज थांबविली; सवय घरानेच मोडावयाची आहे.