मॅच कुठल्या चॅनेलवर?



मॅचच्या दिवशी हल्ली घरात पहिला प्रश्न 'स्कोअर काय झाला' हा नसतो. 'कुठल्या चॅनेलवर आहे' हा असतो. रात्रपाळीची लाईट आली म्हणून मोटार चालू करायला निघालेला माणूसही दारातून हेच विचारतो.

२ एप्रिल २०११ चा दिवस आठवून पाहा. वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानची सुरुवातीची तीन षटके निर्धाव! त्या स्पर्धेत त्याने २१ बळी घेतले. आपल्या जिल्ह्यातला पोरगा अंगणातल्या अँटेनावर, दूरदर्शनवर दिसत होता. कोणाला काही विचारावे लागले नाही.

तसे दिसण्यामागे एक कायदा होता, बरे का. २००७ साली संसदेने ठरवले, की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण हक्क घेणाऱ्या खाजगी कंपनीने प्रसार भारतीलाही द्यायचे. जाहिरातीच्या उत्पन्नातले निदान पंचाहत्तर टक्के कंपनीला, बाकीचे प्रसार भारतीला. कायदा अजून आहे. मग गावात केबल असलेल्या घरी दूरदर्शन लावले, तर सामना का दिसत नाही? कारण २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हे चित्रण दूरदर्शनने आपल्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवावे; खाजगी केबलवाल्याला व डिशवाल्याला ते फुकट मिळणार नाही. म्हणजे दरमहा पैसे भरणाऱ्याला दिसत नाही आणि पत्र्यावर फ्री डिशची छत्री बसवलेल्याला दिसते. गंमतच म्हणायची!

आयपीएलचे मात्र वेगळे. ती स्पर्धा त्या यादीत नाही. २०२२ साली तिचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. टीव्हीचे एका कंपनीला, मोबाईलचे दुसरीला. २०२३ मध्ये मोबाईलवर सगळे फुकट दाखवले, पोरे खूश झाली. पुढे २०२४ च्या अखेरीस दोन्ही घरे एक झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आले, आणि वर्गणी किंवा ठराविक रिचार्ज मागू लागले. एवढा पैसा ओतणारा तो वसूल करणारच. कांद्याचा व्यापारी तरी दुसरे काय करतो?

तेव्हा आधी घरात बसून ठरवा, आपल्याला पाहायचे काय. भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने एवढेच हवे असतील, तर फ्री डिश पुरे. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचे काही नाही. आयपीएल हवेच असेल, तर तेवढे दोन महिने पैसे भरा, वर्षाचे नको. मोबाईलवर भरताना आपोआप पैसे कापण्याची परवानगी विचारली जाते, ती देऊ नका. नाहीतर पाऊस लागला तरी खात्यातून पैसे जातच राहतील. आणि खेळाचे चॅनेल घेताना आईच्या, सूनबाईच्या मालिकेचे चॅनेल पॅकेजमधून गळणार नाही ना, हे केबलवाल्याला आधी विचारा. गेल्या खेपेस आमच्याकडे ते गळले, आणि सामना भारताने जिंकला तरी घरात दोन दिवस कोणी धड बोलत नव्हते.