विकसला मास्क कुणी विचारला?

नील ब्लॉमकॅम्पचा 'डिस्ट्रिक्ट ९' (२००९) अंगावर येतो तो किळसवाण्या दृश्यांमुळे नव्हे. जोहान्सबर्गच्या वस्तीत कोंडलेल्या परग्रहवासीयांना 'झिंगे' म्हणून हिणवत विकस हा अधिकारी घरं खाली करण्याच्या नोटिसा वाटतो. तिथंच तोंडावर काळा द्रव उडतो. नखं गळतात, हात 'त्यांच्या'सारखा होतो, आणि सासराच जावयाला चिरायची परवानगी देतो. कालचा साहेब आज अस्पृश्य! इथं प्रेक्षक हळहळतो. आम्हीही हळहळलो.

पण मित्रांनो, वस्ती उठवली जात होती तेव्हा ही हळहळ कुठं होती? साहेबाचं शरीर बिघडलं की शोकांतिका. वस्तीतल्याचं बिघडलं की त्याचाच निष्काळजीपणा.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो आजारी पडले, कित्येकांच्या डोळ्यांपुढं अंधार आला. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढलेली, फवारा सरळ तोंडावर येत होता. पाठीवर पंप घेणाऱ्यांत रोजंदारीवरचे भूमिहीन किती होते! (जमीन कुणाकडे का नाही, हे वेगळं सांगायला नको.) तरी चर्चा कसली झाली? यांनी मास्क का लावला नाही, हातमोजे का घातले नाहीत.

विकसला हे कुणीच विचारत नाही.